ॲलियमचे कंद: जायगँटियम नको, ट्युबरोझम नक्की घ्या

त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या अंगणात छोटं रॉक गार्डन आहे. त्यासाठी एका ऑनलाइन नर्सरीतून ॲलियम जायगँटियमचे (ॲलियम म्हणजे कांदा-लसणाच्या कुळातली झाडं, ही त्यातली फुलांसाठी लावायची उंच जात) सहा कंद मागवले. त्यातले दोन कंद हातात घेताच मऊ लागले, बुडाशी निळसर बुरशी. तक्रार केली, पैसे मिळाले नाहीत. उरलेले चार दहा आठवडे फ्रिजमध्ये, फळांपासून लांब ठेवून लावले, कारण या जातीला फुलायला लांबलचक थंडी लागते आणि नागपूरची थंडी लवकर आटोपते. पानं आली, पण मार्चच्या उन्हात टोकांपासून वाळली. दांडा आलाच नाही. विक्रेत्याने हे पाकिटावर लिहायलाच हवं होतं.

त्यांच्याचकडचं ॲलियम ट्युबरोझम (गार्लिक चाइव्ह्ज, म्हणजे लसणाच्या वासाची खायची पात) मात्र पैसे वसूल! आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून निम्मा मुरूम मिसळून दगडांच्या फटींत उंचावर लावलं. मे महिन्यात दुपारी हिरवी नेट बांधली, बस. श्रावण सरताना चपट्या पानांतून दांडे निघाले, वर पांढऱ्या चांदण्यांचा झुपका. पाकळीच्या पाठीवर बारीक हिरवट रेघ असते, जवळून बघा. पान चुरडलं की लसणाचा वास, आई ही पानं पिठल्यात घालते. फक्त बी धरण्याआधी दांडे छाटा, नाहीतर फटीफटीत रोपं उगवतात.