बीएमआय की कंबरेचा घेर?

"बीएमआय २६ आला, म्हणजे वजन जास्त; पण कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे ठीक आहे. कशावर विश्वास ठेवू?" मैत्रिणीने विचारलं.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागणं. त्याला स्नायू आणि चरबी सारखीच, त्यामुळे पिळदार खेळाडूही 'जाड' ठरतो. उलट हातपाय काडीसारखे, पण पोट सुटलेलं, असा माणूस सहज पास होतो. मला काळजी त्याचीच जास्त वाटते.

कंबर मोजायच्या टेपला पोटाची चरबी कळते, आणि मोठा धोका तिचाच. मात्र शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पोट आत ओढलं की आकडा खोटा.

लोकसमूहाचा अंदाज घ्यायला किंवा कमी वजन ओळखायला बीएमआय बरा. स्वतःवर लक्ष ठेवायला टेप. गरोदरपणात दोन्ही नकोत.