यामाहा सी-40 : पहिली गिटार घेताना

भाचीला गिटार शिकायची आहे म्हटल्यावर घरात जो तो सांगायला लागला, "आधी एखादी स्वस्तातली घे, आवड टिकली तर पुढे बघू." मी ते ऐकलं नाही. सरळ यामाहाची सी-40 मागवली. दहा हजारांच्या आतबाहेर पडली. ती येऊन आता वर्ष होत आलं. भाची रोज वाजवते, रविवारी मीही बसते. पहिल्याच गिटारीत काटकसर करू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं आणि ते माझ्या स्वतःच्या पहिल्या गिटारीमुळे.

1994 साली मी पुण्यात कॉलेजला होते. महिन्याच्या खर्चातून वाचवून एक गिटार घेतली. स्टीलच्या तारांची, दिसायला झकास. कंपनीचं नाव घेत नाही. गिटारीच्या गळ्यावर, म्हणजे लांब दांड्यावर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. बाराव्या फ्रेटपाशी तारांखालून पेन्सिल आरपार जायची, इतक्या तारा उंच. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार सूर. त्यातला ई मायनर कसाबसा जमला, कारण त्याला दोनच बोटं लागतात. सी कॉर्डला मात्र रोज रडकुंडीला यायचे. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला; एवढं सगळं दाबून स्ट्रोक मारला की दोन तारा वाजायच्या आणि बाकीच्या नुसत्या खरखरायच्या. डाव्या हाताच्या बोटांवर तारेचे खोल वळ उठायचे. मेसमध्ये चहाचा गरम पेला उजव्याच हातात धरायचे. एफ कॉर्डचं तर नावच काढत नव्हते.

शिकवणारे सर मूळचे गोव्याचे, कॅम्पात त्यांची छोटी खोली होती. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातातून गिटार काढून घेतली, डोळ्यासमोर आडवी धरून पाहिली आणि म्हणाले, "अगं, बोटं तुझी बरोबर पडतायत. ही गिटारच उंच आहे." तारा सैल करून बाजूला केल्या, घोडीतली, म्हणजे तारा जिथे खाली अडकवतात त्या लाकडी तुकड्यातली, पांढरी पट्टी उपसली, तिच्यावर पेन्सिलीने रेघ मारली. मग काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून ती पट्टी रेघेपर्यंत घासत बसले. घासता घासता सांगत होते, की तार बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर खाली आणायची तर इथे दोन मिलिमीटर काढावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. परत तारा चढवल्या, जुळवल्या. मी सी धरला आणि त्या कॉर्डच्या पाचही तारा स्वच्छ वाजल्या. तेवढ्या एका आवाजावर मी पुढची सगळी वर्षं शिकत राहिले. सर नसते तर ती गिटार कपाटावर गेली असती आणि आपल्या हातात संगीत नाही, असं मी आयुष्यभर समजत राहिले असते. अशी कपाटावर चढलेली गिटार कितीतरी घरांत आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आता सी-40 बद्दल. ही क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांची गिटार. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण सत्तर किलोच्या घरात जातो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास. फरक पहिल्याच आठवड्यात बोटांना कळतो. भाचीच्या बोटांना घट्टे पडले, पण हळूहळू, रडारड न होता. आमची गिटार खोक्यातून काढली तेव्हाच तारांची उंची बेताची होती, पट्टी घासावी लागली नाही. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि त्याच जागी नुसतं बोट टेकवून काढलेला सूर एकमेकांशी जुळतात. कुठलीही गिटार घेताना दुकानातच हे करून बघा. ते जुळले नाहीत, तर खुंट्या कितीही पिळल्या तरी कॉर्ड बेसूरच लागणार आणि शिकणाऱ्याचा कान बिघडणार.

वरचा भाग स्प्रूस लाकडाचा आहे, मागचा आणि बाजूचा मेरांटी लाकडाचा. वरचं लाकूड अखंड नसून थर चिकटवलेलं आहे, यावर जाणकार नाक मुरडतात. अखंड लाकडाचा आवाज जास्त भरदार येतो, हे मान्य. पण आम्ही राहतो चिपळूणला. जून ते सप्टेंबर इथे भिंतींनासुद्धा ओल येते. त्या हवेत थरांचं लाकूड जास्त तग धरतं. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकते, गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवत नाही, एवढीच काळजी. पावसाळा नीट पार पडला.

दोनतीन गोष्टी माहीत असू द्या. नव्या नायलॉनच्या तारा ताणत राहतात, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस वाजवायला बसलं की आधी जुळवणं आलंच. तार सुरात आहे का ते दाखवणारा क्लिपचा ट्यूनर घेऊन ठेवा, आणि मुलाला ट्यूनर बघण्याआधी कानाने अंदाज घ्यायला लावा. गळ्याच्या समोरच्या बाजूला फ्रेट ओळखायचे ठिपके नसतात. पाचव्या आणि सातव्या फ्रेटच्या कडेला मी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय. आणि कुणी कितीही सांगितलं तरी या गिटारीला स्टीलच्या तारा लावू नका. तिची घोडी त्या ताणासाठी केलेलीच नसते, उखडून येते.

आवाज मऊ आहे. एकेक तार छेडून वाजवायला फार गोड लागतो. सिनेमातल्या गाण्यांना लागतो तसा खणखणीत झंकार हवा असेल, तर यामाहाचीच स्टीलच्या तारांची एफ310 बघा. तिचा गळाही अरुंद, 43 मिलिमीटरचा. सी-40 चा 52 आहे. रुंद गळ्यामुळे शेजारच्या तारेला बोट लागत नाही, म्हणून शिकताना मला तो बरा वाटतो, पण लहान हातांना तो जड जातो. माझी भाची तेरा वर्षांची आणि उंच आहे, तिला तारेची 650 मिलिमीटरची पूर्ण लांबी पेलते. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी हीच घेऊ नका. यामाहाच्याच छोट्या सीएस40 ची लांबी 580 आहे, ती हातात देऊन बघा. मुलाला खुर्चीत बसवा, डावा हात पहिल्या फ्रेटपर्यंत न ताणता पोचतोय का ते पाहा आणि मगच पैसे द्या.