जिल्हा परिषद शाळेतील समावेशित शिक्षण सेवा : एका पालकाचा अभिप्राय

माझी मुलगी मांजराकाठच्या एका गावातील जिल्हा परिषद शाळेत सातवीत शिकते. तिची दृष्टी अल्प असून चष्मा लावूनही पहिल्या बाकावरून तिला फळ्यावरचे अर्धेच वाचता येते. समग्र शिक्षा योजनेतून अशा मुलांसाठी मिळणाऱ्या सोयी कागदावर बऱ्याच असल्या, तरी वर्गात त्यांतील किती उतरतात, हे प्रवेशापूर्वी पालकाला कोणी सांगत नाही. त्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. शिक्षकांनी वर्गात केलेल्या सोयींना मी पूर्ण गुण देईन. बाहेरून यायच्या मदतीला मात्र निम्मे गुण देतानाही हात आखडतो.

वर्गशिक्षकांनी सुरुवात बसण्याच्या जागेपासून केली. वर्गाची खोली निजामकालीन असून फळा उत्तरेच्या भिंतीवर आहे. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन फळ्यावर पडले की खोलीच्या पूर्वेकडील मुलांना तो नुसता चकाकताना दिसतो, म्हणून तिची जागा पश्चिमेच्या खिडकीजवळ ठरली. त्यामुळे वहीवरही डावीकडून उजेड पडतो. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू होताच ऊन पूर्वेकडून येऊ लागते आणि सर तिची जागा न चुकता बदलतात. या सोयीला एक रुपयाही लागत नाही, तिच्यासाठी कुठला प्रस्तावही पाठवावा लागत नाही. तरीही ती मला इतर शाळांत फारशी आढळलेली नाही. फळ्यावर लिहिताना सर प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतात. ‘यातून हे वजा केले’ असे म्हणण्याऐवजी ‘बहात्तरातून अठ्ठावीस वजा केले’ असे ते म्हणतात. याचा फायदा वर्गातील श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलालाही होतो, मात्र पावसाळ्यात शेजारच्या खोल्यांच्या पत्र्यांवर सरी कोसळू लागल्या की त्याच्यासाठी कोणताच उपाय चालत नाही.

मोठ्या अक्षरांतील पुस्तके सत्राच्या आरंभी हाती पडली नाहीत. शाळेने बालभारतीच्या संकेतस्थळावरील विनामूल्य पीडीएफ ए-थ्री कागदावर छापून घेतल्या. ए-फोरवरून ए-थ्रीवर गेल्यास अक्षर साधारण १.४ पट होते. मराठी आणि इतिहासासाठी तेवढे पुरते, परंतु भूगोलाच्या नकाशांतील बारीक नावे आणि गणितातील घातांक तरीही दिसत नाहीत. शिवाय असे पुस्तक जड होते, त्यामुळे प्रत्येकाचे तीन भाग करून बांधावे लागले. वाचताना मान फार झुकू नये म्हणून शाळेने गावातील सुताराकडून एक तिरपे लाकडी स्टँड करून घेतले. सरकारी साहित्याच्या यादीतील वस्तूंपेक्षा त्याचाच उपयोग अधिक झाला.

गट साधन केंद्राकडून, म्हणजे तालुक्यातील शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राकडून, येणाऱ्या विशेष शिक्षिका जाणकार आहेत. गडद रेघांची वही आणि काळे जाड पेन या सूचना त्यांच्याच. परंतु त्यांच्याकडे अनेक शाळा असल्याने, आणि शिबिरे व माहिती भरण्याची कामेही त्यांच्याच माथी असल्याने, त्यांची फेरी कधी होईल याचा भरवसा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले होते. आमच्या भागातील व्यवस्था त्याच्या जवळपासही नाही, याचा दोष त्या बाईंना देणे अन्यायाचे ठरेल. परीक्षेतही बाहेरून छापून येणाऱ्या प्रश्नपत्रिका लहान अक्षरांतच असतात. पाकीट त्याच दिवशी उघडायचे असल्याने सर झेरॉक्सच्या दुकानातून मोठी प्रत आणेपर्यंत मुलीचा वेळ जातो. तो वेळ ते शेवटी भरून देतात, हे त्यांचे सौजन्य.

सर्वांत निराशाजनक अनुभव तिच्या वर्गातील एका मुलाबाबत आला. हाताच्या स्नायूंतील दुर्बलतेमुळे तो सावकाश लिहितो, पण त्याचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ४० टक्क्यांखालचे असल्याने त्याला काहीच मिळणार नाही, असे एका कार्यालयात त्याच्या वडिलांना सांगून परत पाठवण्यात आले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १७ परीक्षेतील जादा वेळ आणि लेखनिक यांविषयी बोलताना ४० टक्क्यांची अट घालत नाही. ती अट कलम ३१ मधील मोफत शिक्षणासारख्या काही लाभांना आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाच्या बाबतीत हाच फरक स्पष्ट केला होता. अशा वेळी पालकांनी तोंडी नकार घेऊन परतू नये, लेखी अर्ज करून लेखी उत्तर मागावे. दहावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, जादा मिळतो. त्यासाठीची कागदपत्रे नववीतच तयार ठेवलेली बरी.

आमच्या गावातील शाळा सातवीपर्यंतच आहे आणि एवढ्या कष्टाने बसवलेली घडी पुढच्या शाळेत आपोआप जात नाही. म्हणून जागा, अक्षरांचा आकार, वेळ आणि फळ्यावर लिहिण्याची रीत यांची दोन पानी नोंद मी वर्गशिक्षकांकडून सहीनिशी घेतली. तालुक्याच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी ती प्रवेश अर्जाला जोडून घेतली आहे. मात्र आठवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असून जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारून द्याल का, या प्रश्नावर त्यांनी जूनमध्ये बघू, एवढेच सांगितले आहे.