डिप्लोमा की अकरावी सायन्स? दहावीनंतरच्या दोन वाटा, नागपुरातून पाहिलेल्या

दहावीचा निकाल लागला की ओळखीचे पालक मार्कशीट घेऊन घरी येतात. "सर, पोराला सायन्समध्येच जायचं आहे. अकरावीला घालू की पॉलिटेक्निकला?" मी मार्कशीट बाजूला ठेवतो आणि पोराशी घरच्या कूलरबद्दल बोलतो. मागे असाच एक मुलगा आला होता. पंप बंद पडला तेव्हा त्याने तो स्वतः उघडला, गाळ काढला, वायर जोडली. त्याच आठवड्यात आलेल्या मुलीने पंपाला कधी हातही लावला नव्हता, पण मे महिन्यात गारेगार करणारा कूलर जुलैत नुसता दमट वारा का फेकतो, हे तिला जाणून घ्यायचं होतं. दोघांनाही विज्ञानाची ओढ होती, पण वाटा वेगळ्या.

त्या मुलाला मी पॉलिटेक्निकचा, म्हणजे तंत्रनिकेतनातला, तीन वर्षांचा डिप्लोमा सुचवला. प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो, वेगळी परीक्षा नाही. नागपुरातल्या सदर भागातलं शासकीय तंत्रनिकेतन 1914 पासूनचं आहे. तिथे पहिल्याच वर्षी वर्कशॉपमध्ये हातात कानस आणि करवत येते. पुढे इंजिनिअरिंग करायचं असेल तर डिप्लोमाच्या मार्कांवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा लागत नाही. "त्यात वर्ष वाया जातं" हा समज चुकीचा आहे. डिप्लोमाची तीन अधिक इंजिनिअरिंगची तीन सहा, अकरावी-बारावीची दोन अधिक इंजिनिअरिंगची चारही सहाच. शिवाय तिसऱ्या वर्षानंतर घरची परिस्थिती बदलली तरी हातात नोकरीला चालेल असं प्रमाणपत्र असतं. माझ्या मते ही या वाटेची सर्वांत मोठी जमेची बाजू. "मार्क कमी पडले म्हणून डिप्लोमा" हे बोलणं पोरांच्या मनाला लागतं, ते थांबवा. आणि मुलगी असेल तर वर्कशॉपच्या नावाने तिला मागे खेचू नका.

पण ही वाट काही दारं बंद करते. डॉक्टर व्हायचं असेल तर 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी बारावीला जीवशास्त्र हवंच. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था किंवा इथल्या कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी शास्त्रज्ञ होण्याचं स्वप्न असेल, तर बारावी, बीएस्सी, एमएस्सी हाच सरळ रस्ता. व्हीएनआयटी या नागपुरातल्या राष्ट्रीय इंजिनिअरिंग संस्थेत बीटेकला जायचं तर जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते, त्या तयारीला बारावीचाच अभ्यास लागतो. म्हणून त्या मुलीला मी अकरावी सायन्स सांगितली, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन. पंधराव्या वर्षी सगळं ठरलेलं नसतं, आणि अकरावी दोन वर्षं विचाराला देते.

मात्र अकरावी कुठे, हे नीट बघा. माझ्या भाचीने इंटिग्रेटेडवाल्या, म्हणजे कॉलेजातच प्रवेश परीक्षांचा क्लास चालवणाऱ्या, एका ज्युनिअर कॉलेजात प्रवेश घेतला होता. दोन वर्षं तिने सरावाचे पेपर सोडवले, प्रयोगशाळेत मोजून चार-पाच वेळा गेली, आणि प्रॅक्टिकलची वही दुसऱ्याची बघून उतरवली. बोर्डात भौतिकशास्त्राच्या शंभरपैकी 30 गुण प्रॅक्टिकलचे असतात, ते तिला मिळाले. रसायनशास्त्रातला टायट्रेशनचा साधा प्रयोग मात्र तिला आजही येत नाही, आणि याची मला फार खंत वाटते. प्रवेशाआधी कॉलेजची प्रयोगशाळा दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

पैशांचं थोडक्यात: शासकीय डिप्लोमा काही हजारांत होतो, अकरावीसोबत क्लास लावला की लाखांचा हिशेब सुरू होतो.

मराठी माध्यमाच्या मुलांना भाषेची धास्ती असते. शिकवणं दोन्हीकडे बहुतेक इंग्रजीतच. जेईई मेन आणि 'नीट'चे पेपर मराठीत घेता येतात. राज्याच्या सीईटीत भौतिक आणि रसायन मराठीत मिळतं, गणित फक्त इंग्रजीत. तेव्हा सुट्टीत निदान गणिताचे इंग्रजी शब्द पाठ करून घ्या.

मूल अजून आठवी-नववीत असेल तर घाईच नाही. एखाद्या रविवारी गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात न्या, आणि ते कुठल्या प्रदर्शनापाशी रेंगाळतं ते लांबून बघा. ज्यांच्या नावाचं हे केंद्र, ते सी. व्ही. रामन 1910 च्या सुमारास नागपुरात सरकारी हिशेबखात्यात नोकरीला होते, हेही त्याला सांगा.

आणि यंदा दहावी झाली असेल तर दोन्हीकडचे अर्ज भरा, प्रक्रिया वेगवेगळ्या असतात. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल आत्ताच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात रांग फार मोठी होते.