दार उघडं की बंद?

फुटबॉल लीग चालवण्याच्या दोन रीती आहेत. इंग्लंडमध्ये शिडी आहे. प्रीमियर लीगचे 20 संघ, त्याखाली 24-24 संघांच्या 3 पायऱ्या, मग नॅशनल लीग आणि तिच्याखाली पार गावपातळीपर्यंत उतरत जाणाऱ्या प्रादेशिक लीग. हंगामाअखेर वरच्या क्रमांकांवर असलात की एक पायरी वर, तळाला असलात की एक पायरी खाली. ल्यूटन टाउन हा क्लब 2009 मध्ये घसरून पाचव्या पायरीवर आला, 5 हंगाम तिथेच रखडला आणि मग चढत चढत 2023 मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. पुढच्याच वर्षी पुन्हा खाली!

अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये असं होत नाही. तिथे प्रवेश मैदानावरून नाही, शुल्क भरून मिळतो. सॅन दिएगोच्या संघासाठी ते सुमारे 50 कोटी डॉलर होतं. तळाला राहिलात तरी जागा पक्की. मालकाला झोप शांत लागते, अकादमी आणि स्टेडियमवर निर्धास्त खर्च करता येतो, हे खरं. शिडीवर मात्र वर चढायच्या हव्यासात कर्जबाजारी झालेले क्लब कमी नाहीत.

तरी माझं मत शिडीलाच. शेवटच्या सामन्यापर्यंत तळातल्या संघाचाही जीव टांगणीला लागतो, ती मजा बंद लीगमध्ये कुठली?