वॉलिंगफर्डचा जुना बंबखाना आणि पोलीस चौकी: आधी मनोरा बघा

अमेरिकेत सिएटलच्या वॉलिंगफर्ड वस्तीत, नॉर्थ ४५व्या रस्त्यावर, १६२९ क्रमांकाला ही इमारत आहे. १९१३ साली बंबखाना आणि पोलीस चौकी एकाच छपराखाली आणण्यासाठी ती बांधली. आराखडा शहराचे वास्तुकार डॅनियल हंटिंग्टन यांचा. लेक युनियनकाठचं अवाढव्य वीजघरही त्यांचंच, पण इथे त्यांनी शेजारच्या घरांचा घाट उचलला. सरकारी इमारत असून ती वस्तीत परकी वाटत नाही, हे तिचं मोठं यश.

बघायला सुरुवात मनोऱ्यापासून करा. तो शोभेचा नाही, होज म्हणजे बंबाच्या पाण्याच्या लांब लवचीक नळ्या वाळवायचा आहे. त्या काळचे होज आतून रबरी, वरून सुती विणीचे. आगीवरून आल्यावर ओलेच गुंडाळले तर सूत कुजायचं आणि पुढच्या आगीत पाण्याच्या दाबाखाली होज फुटायचा. म्हणून धुऊन उभे टांगत, म्हणजे आतलं पाणीही निथळून जाई. अमेरिकेत होजचा तुकडा साधारण ५० फुटांचा. मधोमध दुमडून टांगला तरी २५ फूट उंची हवीच. कृत्रिम धाग्याचे होज आल्यावर या उंचीची गरज संपली आणि बऱ्याच गावांत असे मनोरे उतरवले गेले. इथला टिकला, म्हणून इमारतीचं मूळ काम रस्त्यावरूनच ओळखता येतं.

आता आत दवाखाना चालतो. हा वापर फार योग्य वाटतो: दार आजही वस्तीतल्या माणसांसाठीच उघडतं. मात्र संग्रहालय समजून आत शिरू नका. रुग्ण बसलेले असतात, तिथे कॅमेरा काढणं गैर आहे.

फोटो समोरच्या फुटपाथवरून घ्या. दर्शनी बाजू उत्तरेकडे असल्याने दुपारी समोर सावली पडते आणि इमारतीच्या मागून ऊन येतं, चित्र काळवंडतं. ढगाळ दिवस उत्तम. नाहीतर उन्हाळ्यात अगदी सकाळी किंवा संध्याकाळी उशिरा जा, तेव्हा ऊन तिरकं समोर येतं. ४४ क्रमांकाची ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी बस, याच रस्त्याने जाते. येण्याजाण्याची सोय झाली, पण तिच्या तारा चौकटीत आडव्या येतात. थोडं बाजूला सरकून मनोरा तारांमधून मोकळा काढावा लागतो.

पूर्वेला काही पावलांवर १९०४ सालची जुनी इंटरलेक शाळा आहे. तिथे आता दुकानं आहेत. दोन्ही मिळून तासाभरात निवांत होतं.