वीतभर भिंत आणि निळी फाईल

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आमचं प्रेसचं काम चालतं. बारा माणसं, चार हायड्रॉलिक प्रेस, एक जनरेटर. शेडमागे ९९० लिटरची डिझेलची टाकी आणि हायड्रॉलिक ऑइलचे नवे-जुने मिळून पाच बॅरल. एवढ्याशा पसाऱ्यासाठी मी ६८ हजार रुपये मोजून ‘तेलगळती प्रतिबंध आराखडा’ विकत घेतला.

माणूस गोड बोलणारा. गळ्यात कार्ड, हातात टॅब. आल्या आल्या टाकीचे चार फोटो काढले आणि मान हलवली. “शेठ, २०२७चा सिंहस्थ येतोय. नासर्डी सरळ गोदावरीत जाते. तेलाचा एक तवंग दिसला ना, शेडला टाळं! आता आराखडा कंपल्सरी झालाय.”

यातलं निम्मं खरं होतं, तिथेच घोळ झाला. नासर्डी, म्हणजे हल्ली जिला नंदिनी म्हणतात ती, टाकळीकडे गोदावरीला मिळते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. वापरलेल्या तेलाचा हिशेब प्रदूषण मंडळाला द्यावा लागतो, हेही खरं. तो मी दोन वर्षं दिलेला नव्हता. चोराच्या मनात चांदणं. ‘कुठला नियम, कुठल्या साली निघाला’ असं विचारायला माझी जीभच रेटली नाही. विचारलं असतं तर आपलंच पितळ उघडं पडलं असतं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “जीएसटी वर पडेल, शेठ.” मग मीच म्हटलं, राहू दे.

आठ दिवसांत तीन गोष्टी झाल्या. टाकीभोवती त्याच्या गवंड्याने विटांची भिंत घातली. त्याचा टेम्पो येऊन जुन्या तेलाचे तीन बॅरल रोख पैसे देऊन घेऊन गेला. मागे राहिली वहीच्या पानावरची एक चिठ्ठी. आणि आली निळी फाईल. सव्वाशे पानं, सोनेरी शिक्का, प्लॅस्टिकचं कव्हर. सोबत ‘आपत्कालीन संपर्क’ असा लॅमिनेट केलेला तक्ता. तो मी मोठ्या ऐटीत भिंतीवर लावला. फाईल मात्र उघडलीही नाही. इंग्रजीत होती, आणि जाड होती. जाड फाईल बघितली की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं.

जुलैत एका रात्री धो धो पाऊस चालू असताना टाकीखालचा होज निसटला. पहाटे वॉचमन नानांचा फोन, “साहेब, तक्त्यावरचा नंबर लागतच नाही हो.” कसा लागणार? १-८००ने सुरू होणारा अमेरिकेचा टोल-फ्री नंबर होता तो. नाना बिचारे अर्धा तास तोच फिरवत बसले होते आणि तेवढ्या वेळात डिझेल वाहतच होतं. मी पोचलो तेव्हा भिंतीच्या आत जेमतेम बोटभर डिझेल उरलेलं, बाहेर गटारात इंद्रधनुष्य. भिंतीच्या कोपऱ्यात चार इंची पांढरा पाईप होता, पावसाचं पाणी साचू नये म्हणून गवंड्याने ठेवलेला, थेट गटाराकडे तोंड करून. ना त्याला व्हॉल्व्ह, ना झाकण. पाईपमध्ये गोणपाट कोंबलं, गटारात रेतीच्या गोण्या टाकल्या, शेजारच्या लाकडी पॅटर्नवाल्याकडून भुसा आणून पसरला. पुढे नाल्यात किती गेलं ते पावसालाच ठाऊक.

त्या दिवशी फाईल पहिल्यांदा उघडली ती वहिनींनी. त्या आमचे हिशेब बघतात. दहा मिनिटांनी त्यांनी हाक मारली, “भावजी, आपलं डिझेल गॅलनमध्ये येतं का हो?”

पानापानावर १,३२० गॅलन आणि ५५ गॅलनचे ड्रम. मध्येच एका पानावर कुठल्या तरी परदेशी खाडीचं नाव तसंच राहून गेलेलं. अमेरिकेत तेलगळती रोखण्याचा एक नियम आहे, १९७३ सालचा. त्याखालचा कुठला तरी आराखडा उचलून वर आमच्या शेडचं नाव चिकटवलं होतं. तो नियम जमिनीवरची एकूण साठवण १,३२० गॅलनच्या, म्हणजे साधारण ५,००० लिटरच्या वर गेली तरच लागतो, आणि त्यात ५५ गॅलनपासून पुढची भांडी धरतात. आमची टाकी आणि पाच बॅरल मिळून होतात दोन हजारांच्या आसपास. म्हणजे आमचं शेड उचलून अमेरिकेत नेऊन ठेवलं असतं तरी या फाईलची गरज पडली नसती!

दुसऱ्या दिवशी धाडस करून उद्योग भवनात प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात गेलो. गळतीचं लेखी कळवलं, तेलाचंही खरं खरं सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी फाईल चाळली, बाजूला ठेवली आणि एकच विचारलं, “तीन बॅरल गेले, त्याची पिवळी प्रत कुठंय?”

तेव्हा कळलं. वापरलेलं तेल २०१६च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ५.१ क्रमांकावर आहे. ते ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही, नोंद फॉर्म ३मध्ये ठेवायची, वार्षिक विवरण फॉर्म ४मध्ये ३० जूनपर्यंत द्यायचं. आणि माल बाहेर पडताना फॉर्म १० हवा, सात रंगांच्या सात प्रतींचा. त्यातली पिवळी, वाहतूकदाराच्या सहीची, आपल्याकडे राहते. माझ्याकडे वहीचं पान होतं. टेम्पो कुठे गेला ते अजून कळलेलं नाही, पण माल पाठवणारा म्हणून जबाब मलाच द्यावा लागतोय. ६८ हजारांपेक्षा हे जास्त टोचतं.

टाकी ९९० लिटरचीच का, हेही मला याच निमित्ताने समजलं. एकूण डिझेल २,५०० लिटरच्या आत आणि एकेक भांडं १,००० लिटरच्या आत असेल तर पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही. वडिलांनी ती टाकी घेतली तेव्हा त्यांना हे माहीत होतं. मी मात्र इतकी वर्षं नुसतं डिझेल भरत आलो.

शेडवर येऊन टेप लावून भिंत मोजली. आतून दोन मीटर बाय दीड मीटर, उंची २० सेंटीमीटर. म्हणजे ६०० लिटर, तेही पाईप बंद धरला तर. सगळ्यात मोठी टाकी पूर्ण फुटली तरी मावेल, वर दहा टक्के जागा राहील, असा भिंतीचा साधा हिशेब असतो. आम्हाला १,०८९ लिटर हवे होते. आता उंची ४० सेंटीमीटर केली, आतून प्लास्टर केलं, पाईपला व्हॉल्व्ह बसवला. व्हॉल्व्ह कायम बंद. पाऊस थांबला की नाना वरून बघतात, तवंग नसेल तरच उघडतात. तक्त्यावर आता अग्निशमन दल, मंडळाचं कार्यालय, मी आणि वहिनी.

त्या माणसाचा फोन बंद आहे. पोलिसांत अर्ज दिलाय, पण बिलच नाही म्हटल्यावर पुरावा काय दाखवणार? परवा मागच्या गल्लीतून येताना एका शेडमागे नवी भिंत दिसली. वीतभर उंच, कोपऱ्यात पांढरा पाईप. स्कूटर तिथेच लावली आणि आत जाऊन मालकांना म्हटलं, तुमची निळी फाईल जरा दाखवता का?